कर्मवीरांची जयंती आणि दिवाळीची सुट्टी

आज २२ सप्टेंबर, कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. शाळाशाळांतून प्रतिमेला हार पडेल, स्वावलंबनावर भाषणे होतील आणि ती ऐकून नववी-दहावीची मुले घाईघाईने क्लास गाठतील. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेल्या माणसाची ही जयंती आहे, हे त्यांना कुणी सांगेल का, कोण जाणे.

भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. ती शेतात राबत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि शिकत. श्रमाची पाळी कुणालाच चुकत नसे. भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ आज विद्यापीठांत टिकून आहे खरी, पण गरजूंची योजना म्हणून. ज्याच्या घरी बरे चालले आहे त्याने काम कशाला करायचे, असा आपला सोयीस्कर समज. बरे घर असले की मुलाला ओळखीच्या कंपनीत ‘इंटर्न’ म्हणून बसवतात. पंधरा दिवस एसीत काढले की प्रमाणपत्र. चहाच्या टपरीवर कप विसळणाऱ्या त्याच वयाच्या पोराला मात्र कुणी अनुभवी म्हणत नाही.

महिन्याभरात दिवाळीची सुट्टी लागेल. कापडाच्या दुकानांना माणसे हवी असतील; नववी-दहावीच्या मुलांनी तिथे काही दिवस काम करून पाहावे. गिऱ्हाईक दुपारभर साड्या उलगडायला लावते, ‘रंग जरा फिका वाटतो’ म्हणत रिकाम्या हाताने उठते. तो सगळा ढीग घडीवर घडी घालून कप्प्यात लावायचा आणि पुढच्या बाईंना तितक्याच उत्साहाने ‘या काकू’ म्हणायचे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांची फी भरणाऱ्या पालकांनी एकदा हे काउंटरमागून पाहावे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवायला सांगितले. बेत चांगला, पण सहल काढून फोटो पाठवले की धोरण पाळले, असे शाळांनी समजू नये.

आणि मालकांनी स्वस्तातला हात म्हणून मुलांकडे पाहू नये. कायदा स्पष्ट आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. विश्रांती धरून दिवसाला सहा तासच; संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइमही नाही. म्हणजे दिवाळीची खरी गर्दी सुरू होते त्या वेळी मुलाला घरी सोडायला हवे. मालक कुरकुरतील; कुरकुरू देत. फटाक्यांच्या स्टॉलवर तर मुलांना उभेच करू नये.

‘शिकायला मिळतेय ना’ म्हणून फुकट राबवून घेणाऱ्यांना पालकांनीच नाही म्हणावे. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी, आणि तेही मुलाच्या हातात. बाबांच्या फोनवर नव्हे.