पाय दुखतो, पण किती चालल्यावर?

आमच्या पिंपळगाव राजात साठी उलटलेल्या माणसाने पाय दुखतो म्हटले की उत्तर ठरलेले असते, "वय झालं आता, बाप्पा!" मग तेल चोळणे, शेक, फार तर मेडिकलमधून आणलेली एक गोळी. नेमका कुठे दुखतो, किती चालल्यावर दुखतो, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हे विचारलेच पाहिजे. पुष्कळदा पाय राहणार की जाणार, हे त्यावर ठरते.

गुडघ्याचे दुखणे उठता-बसता, पहिल्या पावलालाच जाणवते. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर गोष्ट वेगळी. माणूस घरून ठणठणीत निघतो. ठराविक अंतर गेले की पोटरीत गोळा येतो, थांबावे लागते, दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले की दुखणे जाते. पुढे तेवढेच अंतर गेले की परत हजर! (कमरेच्या मणक्यामुळेही असे होते, पण तिथे उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते.)

फोंतेन नावाच्या फ्रेंच सर्जनने १९५४ साली या आजाराच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलीत काहीच त्रास नाही. दुसरीत चालताना दुखते, आणि ते २०० मीटरच्या अलीकडे की पलीकडे हेही बघायचे. तिसरीत पडल्या पडल्या दुखते. चौथीत जखम भरत नाही, बोट काळे पडते.

पायऱ्या छान आहेत, पण आमच्याकडे त्या फसतात. एकेकाळी शेगावला पायी जाणारा माणूस हळूहळू मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजारात जाऊ लागतो. जो २०० मीटर चालतच नाही, तो "मले काही त्रास नाही" असेच सांगणार. खोटे नाही बोलत तो! आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, बिडी ओढणारे, रात्री एक पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपत. घरचे म्हणत, सवय आहे. सवय कसली, ती तिसरी पायरी होती. पाय खाली सोडला की थोडे जास्त रक्त उतरते, म्हणून बरे वाटते. पुढे अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, जखम भरलीच नाही, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मधुमेह्याचे तर आणखी अवघड, पाय बधिर झाल्याने त्याला दुखणेच कळत नाही.

म्हणून नुसते विचारून भागत नाही, मोजावे लागते. दंडाचा रक्तदाब घेतात तसाच घोट्याचा घ्यायचा. त्यासाठी हातात मावणारे डॉपलर यंत्र लागते. मग घोट्याचा वरचा आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. दंडाला १४० आणि घोट्याला ८४ असेल तर उत्तर ०.६०. (दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी!) साधारण १ ते १.४ ठीक. ०.९० किंवा त्याखाली रोहिणी अरुंद समजतात, ०.४० च्या खाली प्रकरण गंभीर. मधुमेह्यांच्या रोहिण्या कधी कडक होतात आणि उत्तर खोटेच चांगले येते. १.४ च्या वर गेले तर खूश होऊ नये, पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा.

आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची साखर, रक्तदाब तपासतात, फार चांगले आहे. पण घोट्याला पट्टा बांधलेला मी तरी पाहिला नाही. गर्दीत वेळ कुठे, हा आक्षेप मला मान्य आहे. सगळ्यांचे नकोच. बिडी-तंबाखूवाले, मधुमेही आणि ज्यांची पायाची जखम रेंगाळते आहे, एवढ्यांचे तरी करा. दहा-पंधरा मिनिटांचे काम.

शिवाय मोजल्याने निष्कारण भीतीही जाते. नुसती चालताना पोटरी दुखणाऱ्या बहुतेकांचा पाय जात नाही. तंबाखू बंद, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि चालणे. होय, चालणेच! दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्याने मात्र तेल चोळत बसू नये. खामगाव गाठा, अकोला गाठा, पण लगेच.

पुण्या-मुंबईच्या भाचे-पुतण्यांनो, दिवाळीला याल तेव्हा आजोबांना गाडीवर बसवू नका. स्टँडपर्यंत पायी न्या, कुठे थांबतात ते बघा. आणि घरी आल्यावर त्यांच्या पायाची बोटे उजेडात नीट पाहा.