धावपट्टी रिकामी, बाजार मात्र आशावादी
करोनाकाळातील विमान कंपन्यांचे समभाग आणि गुंतवणूकदारांचे तीन हिशेब

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे येथे एका बाजूला औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या बाजूला विमानतळाची धावपट्टी. तटरक्षक दलाच्या ताब्यातील या धावपट्टीवरून करोनापूर्व काळात नियमित प्रवासी विमान उडत नव्हते. त्यामुळे २४ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद झाली, तेव्हा मिरजोळ्याच्या आकाशात फारसा फरक पडला नाही. कोकणातील माणसासाठी त्या काळातील प्रवासाचा प्रश्न वेगळाच होता. मुंबईतून गावी यायला ई-पास मिळतो की नाही आणि आल्यावर किती दिवस विलगीकरणात राहावे लागते, याचीच त्याला विवंचना होती.

तथापि, विमान उद्योगाशी या परिसराचा संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. परदेशी जाणाऱ्या हापूसच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर प्रवासी विमानांच्या पोटातील मालकक्षातूनच रवाना होतात. ऐन हंगामात ही विमाने जमिनीवर आल्याने निर्यातदारांपुढे संकट उभे राहिले. दुसरा संबंध अधिक नवा आहे. टाळेबंदीत घरी बसलेल्या मध्यमवर्गाने याच काळात मोठ्या संख्येने शेअर बाजाराकडे मोर्चा वळवला. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी ९ लाख डीमॅट खाती होती. दोन वर्षांत, मार्च २०२२ पर्यंत, ही संख्या ८ कोटी ९७ लाखांवर पोहोचली. या नवागतांच्या नजरेत भरलेल्या ‘स्वस्त’ समभागांत विमान कंपन्यांचे समभाग अग्रभागी होते. त्यांच्यामागचा विचार सरळ होता. आज विमाने उभी आहेत, उद्या ती उडणारच आणि उडाली की भाव वाढणार. या विचारातील पहिली दोन वाक्ये खरी ठरली. तिसरे मात्र काही कंपन्यांच्या बाबतीतच खरे ठरले आणि उरलेल्या कंपन्यांच्या भागधारकांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली. असे का झाले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

दोन महिन्यांची स्तब्धता

आंतरराष्ट्रीय उड्डाणे २२ मार्च २०२० पासून थांबली होती. देशांतर्गत सेवा २५ मे रोजी सुरू झाली, तीही नियोजित वेळापत्रकाच्या एक तृतीयांश क्षमतेने आणि भाड्यावर किमान व कमाल मर्यादा घालून. क्षमतेवरील निर्बंध पूर्णपणे उठायला १८ ऑक्टोबर २०२१ उजाडला. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली, तर भाड्यावरील मर्यादा ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत कायम राहिली. देशांतर्गत प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये १४ कोटी ४१ लाखांच्या घरात होती. ती २०२० मध्ये सुमारे ६ कोटी ३० लाखांवर घसरली.

विमान कंपनीच्या अर्थकारणात हा आघात दुहेरी असतो. नेहमीच्या काळात तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो. विमान उभे राहिले, की हा खर्च थांबतो. परंतु विमानांचे भाडे, देखभाल, वेतन आणि विमानतळांची देणी थांबत नाहीत. भारतीय कंपन्यांची बहुतांश विमाने भाडेपट्टीवर असून ते भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते. म्हणजेच उत्पन्न रुपयात आणि तेही जवळपास शून्य, देणी मात्र डॉलरमध्ये आणि ठरल्या तारखेला! खनिज तेलाचे भाव त्या एप्रिलमध्ये कोसळले, पण विमाने जमिनीवर असल्याने त्या स्वस्ताईचा लाभ घेण्याची सोय नव्हती.

बाजारात नोंदणी असलेल्या आणि प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या तेव्हा दोनच होत्या. ‘इंडिगो’ची मालक कंपनी इंटरग्लोब एव्हिएशन आणि ‘स्पाइसजेट’. इंटरग्लोबचा समभाग ऑक्टोबर २०१५ मध्ये ७६५ रुपयांना विकला गेला होता. मार्च २०२०च्या पडझडीत तो हजार रुपयांच्या खाली, त्या मूळ किमतीच्या जवळपास आला. वर्षारंभी शंभरीच्या आसपास असलेला स्पाइसजेट चाळिशीच्या खाली घसरला.

‘नकोच’ म्हणणारे

या टप्प्यावर गुंतवणूकदारांत तीन तट पडले. पहिल्या तटाचे प्रतिनिधित्व वॉरन बफे यांनी केले. त्यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१६ पासून अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांत मोठी गुंतवणूक केली होती. २ मे २०२० रोजी कंपनीच्या वार्षिक सभेत बफे यांनी ही सर्व गुंतवणूक विकून टाकल्याचे जाहीर केले. नव्वदीच्या उंबरठ्यावरील गुंतवणूकदाराने तोटा सोसून बाहेर पडावे, ही घटना जगभरच्या बाजारांना हादरवणारी होती.

पुढील काही महिन्यांत हे समभाग वधारले आणि बफे चुकले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो पूर्णतः बरोबर नाही. जगभरातील विमान कंपन्यांना त्या एका वर्षात सुमारे १३८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला. हा खड्डा कर्ज काढून, नवे समभाग विकून किंवा सरकारी मदतीने भरावा लागतो आणि या तिन्ही मार्गांत जुन्या भागधारकाचा वाटा आक्रसतो. जर्मन सरकारने लुफ्तान्साला नऊ अब्ज युरोचे पॅकेज दिले, पण त्या बदल्यात कंपनीत २० टक्के हिस्सा घेतला. सरकारी मदतीनंतरही अमेरिकन एअरलाइन्सचा समभाग २०२५ पर्यंत करोनापूर्व पातळी गाठू शकला नाही. डेल्टा आणि युनायटेड यांनी मात्र ती ओलांडली. तात्पर्य, ‘नकोच’ हा सल्ला सावध होता. त्याने काहींचा नफा हुकला आणि काहींचे भांडवल वाचले.

रोकड मोजणारे

दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की संकटात उद्योग नव्हे, तर उद्योगातील सर्वांत भक्कम कंपनी विकत घ्यावी. या गटाने नफ्या-तोट्यापेक्षा रोकड पाहिली. मार्च २०२० अखेर इंडिगोकडे मुक्त रोकड सुमारे ८,९०० कोटी रुपये होती. त्यानंतरच्या एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीला २,८४४ कोटींचा तोटा झाला, म्हणजे दिवसाला सरासरी ३१ कोटी. कंपनीने जुलैमध्ये दहा टक्के कर्मचाऱ्यांना कमी केले. गुंतवणूकदारांच्या ताळेबंदात जी ‘खर्चातील बचत’ होती, ती हजारो घरांत बेरोजगारी होती, याचे विस्मरण होऊ नये.

या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून चार हजार कोटी उभे करण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२१ मध्ये तो बेत रद्द झाला. जुन्या भागधारकांचा वाटा त्यामुळे घटला नाही. परंतु त्यांची परीक्षा इतक्यात संपणार नव्हती. आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये ५,८०६ कोटी, २०२१-२२ मध्ये ६,१६२ कोटी आणि २०२२-२३ मध्ये ३०६ कोटी, असा तीन वर्षांत एकूण १२ हजार कोटींहून अधिक तोटा कंपनीने नोंदवला. तिचे निव्वळ मूल्य उणे झाले. तरीही जे टिकून राहिले, त्यांना २०२३-२४ मध्ये ८,१७२ कोटींचा नफा आणि पुढे पाच हजार रुपयांवरचा भाव पाहायला मिळाला. सप्टेंबर २०२५ अखेरीस या समभागाचा ‘निफ्टी’ निर्देशांकातही समावेश झाला.

स्वस्ताईला भुललेले

तिसरा तट संख्येने सर्वांत मोठा होता. भाव किती पडला आहे, एवढेच तो पाहत होता. शंभराचा समभाग चाळीसला मिळतो, म्हणजे तो स्वस्त, असे त्याचे गणित. स्पाइसजेट मधल्या काळात सावरला खरा, पण २०२१-२२ मध्ये कंपनीचा तोटा १,७२५ कोटींवर गेला आणि २०२३ मध्ये भाव पुन्हा तिशीच्या आसपास आला.

जेट एअरवेजचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २००५ मध्ये १,१०० रुपयांना विकला गेलेला हा समभाग. १७ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे करोनाच्या जवळपास वर्षभर आधी, कंपनीची उड्डाणे थांबली. ऑक्टोबर २०२० मध्ये जालान-कालरॉक यांच्या पुनरुज्जीवन योजनेला कर्जदात्यांच्या समितीने मंजुरी दिली आणि या समभागाला दिवसेंदिवस वरचे सर्किट लागू लागले. ज्या कंपनीचे एकही विमान नियमित उडत नव्हते, तिचा समभाग बाजारात उडत होता! ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. अवसायनात देणी फेडण्याच्या रांगेत भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो आणि त्याच्यापर्यंत येईतो ताटात बहुधा काही उरत नाही.

‘गो फर्स्ट’ने मे २०२१ मध्ये ३,६०० कोटींच्या प्राथमिक समभाग विक्रीसाठी कागदपत्रे दाखल केली होती. ती विक्री झाली नाही आणि दोन वर्षांनी, मे २०२३ मध्ये, कंपनीची उड्डाणेच बंद पडली. सर्वसामान्य गुंतवणूकदार त्या संकटातून वाचला. त्यात त्याच्या दूरदृष्टीचा भाग नव्हता.

प्रवासी परतले, परतावा कुठे गेला?

देशांतर्गत प्रवाशांची संख्या २०२३ मध्ये १५ कोटी २० लाखांवर गेली. म्हणजे २०१९चा उच्चांक मागे पडला. मग सर्व कंपन्या का सावरल्या नाहीत? याचे उत्तर असे, की परतलेला प्रवासी सर्वांमध्ये सारखा वाटला गेला नाही. स्पर्धक गळाले, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि इंडिगोचा बाजारहिस्सा निम्म्यावरून साठ टक्क्यांवर पोहोचला. इंडिगोच्या भागधारकाला मिळालेला परतावा हा केवळ प्रवास पूर्ववत झाल्याचा नव्हता. प्रतिस्पर्धी नाहीसे झाल्याचाही होता. याच काळात राकेश झुनझुनवाला यांनी ‘आकासा’त पैसा घातला. तिचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले आणि आठवडाभरातच त्यांचे निधन झाले. मंदीत विमाने आणि मनुष्यबळ सहज उपलब्ध असते, हा त्यांचा हिशेब. पण ती कंपनी बाजारात नोंदलेली नव्हती. सामान्य माणसाला त्या पंक्तीत पान नव्हते.

एका कंपनीवर इतके अवलंबून राहण्याची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये समोर आली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोचे नियोजन कोलमडले. ५ डिसेंबर रोजी एकाच दिवशी हजारहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारला भाड्यावर पुन्हा मर्यादा घालावी लागली आणि कंपनीच्या वेळापत्रकात कपात करावी लागली. भागधारकाला जी मक्तेदारी सुखावह वाटते, तीच प्रवाशाला विमानतळावर रात्र काढायला लावते. शिवाय सरकारने हस्तक्षेप केला, की तिची झळ भागधारकालाही बसते.

छोट्या धावपट्ट्यांचे काय?

या साऱ्या हिशेबात मिरजोळ्यासारख्या ठिकाणाचे स्थान कोणते, हा प्रश्न उरतोच. ‘उडान’ योजनेतून महाराष्ट्रातील जळगाव, नांदेड, कोल्हापूर ही शहरे छोट्या कंपन्यांच्या बळावर जोडली गेली होती. एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये सेवा स्थगित केली. ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. या कंपन्यांचा भाव रोज पडद्यावर दिसत नव्हता, म्हणून त्यांचे जाणे बाजाराच्या खिजगणतीतही आले नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, निर्बंधांच्या काळातच, सुरू झाला. मात्र ‘उडान’चे अनुदान ठरावीक मुदतीचे असते आणि ती संपली, की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही, याची कसोटी लागते. रत्नागिरीतही प्रवासी टर्मिनलचे काम हाती घेण्यात आले. इमारत आणि धावपट्टी सरकार बांधू शकते. मात्र तेथे रोज विमान उतरवणारी कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावरच उभी राहते. बाजाराने साथकाळातून घेतलेला धडा ‘सर्वांत मोठ्याच्या पाठीशी राहा’ हा असेल, तर छोट्या विमानांच्या छोट्या कंपन्यांना भांडवल मिळणे अधिकच दुर्घट होणार.

सामान्य गुंतवणूकदारासाठी या अनुभवाचे सार दोन प्रश्नांत सांगता येईल. उत्पन्न शून्य झाले, तर ही कंपनी किती महिने तग धरेल? आणि ती तगली, तर तोवर आपला वाटा किती शिल्लक असेल? २०२० मध्ये ज्यांनी हे प्रश्न विचारले, त्यांतील काहींनी खरेदी केली, काही दूर राहिले आणि दोघांनाही पश्चात्तापाचे फारसे कारण उरले नाही. ज्यांनी केवळ पडलेला भाव पाहिला, त्यांच्या डीमॅट खात्यात जेट एअरवेजच्या समभागांची संख्या तेवढी राहिली, किंमत नाही. पुढची साथ, युद्ध किंवा तेलाचा भडका केव्हा येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. आला, की विमाने पुन्हा उभी राहतील आणि ‘स्वस्ताई’ची हाकही पुन्हा उठेल. तेव्हा हे दोन प्रश्न हाताशी असलेले बरे.