केवळ प्राशन म्हणजे कौमारभृत्य नव्हे

पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत सुवर्णप्राशनासाठी बालकांची गर्दी होते. पालक हा योग आवर्जून साधतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु रांगेतील बालकाच्या हाती बहुधा मोबाईल असतो आणि आपण तिकडे काणाडोळा करतो. हे आम्हांस योग्य वाटत नाही.

इंद्रिय व विषय यांच्या अतियोग, अयोग व मिथ्यायोगापासून रोग उद्भवतात, हे आपण सारेच शिकलो आहोत. पडद्यासमोरील बालकाच्या नेत्र-कर्णांचा अतियोग होतो; घ्राण, रसना व त्वचा मात्र उपाशी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली एक वर्षापर्यंतच्या बालकांस पडदा मुळीच नको, तर दोन ते चार वर्षांच्या बालकांस दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे सुचविले.

आपल्या आचार्यांनी खेळण्यांस गौण मानलेले नाही. चरकाचार्यांच्या मते ती चित्रविचित्र, नाद करणारी व हलकी असावीत. अणकुचीदार, तोंडात जाणारी वा भीतिदायक नसावीत. वाग्भटाचार्य लाखेची, आकाराने मोठी, गाय, घोडा किंवा फळाच्या रूपाची खेळणी सांगतात. सावंतवाडीची लाकडी फळे पाहून या वचनाचे स्मरण होते.

अशा खेळांची सामग्री आपल्या औषधालयांतच आहे. सुंठ, बडीशेप, वाळा, ज्येष्ठमध यांच्या फडक्यात घट्ट बांधलेल्या पुरचुंड्या डोळे मिटून वासावरून ओळखाव्यात. पिशवीत हात घालून हिरडा कोणता, बेहडा कोणता हे स्पर्शाने सांगावे. आवळ्याची फोड चावून वर पाणी प्यावे. तुरट-आंबट तोंड गोड कसे झाले, याचे नवल मुलांना पुरून उरते. आंधळी कोशिंबिरीने कान तयार होतात.

मात्र हे खेळ तीन वर्षांवरील मुलांसाठी व मोठ्यांच्या देखरेखीखालीच असावेत. सुटी चूर्णे हुंगावयास देऊ नयेत. बिब्बा, बचनाग यांसारखी द्रव्ये आसपासही नसावीत. तसेच हाकेला वा आवाजाला प्रतिसाद न देणाऱ्या बालकास खेळांवर न विसंबता श्रवणतपासणीसाठी विनाविलंब पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी अशा पुरचुंड्या तयार ठेवाव्यात आणि वैद्यांनी येत्या पुष्य नक्षत्रापासून प्राशनाआधीची दहा मिनिटे या खेळांस द्यावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.