मुलाचं अनुदान आणि बापाचं कर्ज

असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर माझा एक रिक्षावाला मित्र शेजारी येऊन बसला. खिशातून पासबुक काढून पुढे धरलं आणि हळूच विचारलं, "भाईजान, ये पैसे अपनेच हैं ना?"

पासबुक त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाचं होतं. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सहा महिने रखडलं होतं, ते एकदम जमा झालं होतं. तेव्हा दरमहा १,५०० रुपये मिळायचे, म्हणजे ९,००० रुपये. दुसरीकडे, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी बायकोच्या नावावर काढलेल्या गटकर्जाचे तीन हप्ते थकले होते. अशा गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना भरावा लागतो. त्या दारात येऊन बसल्या होत्या. चार घरांसमोर अब्रूचा प्रश्न.

मी म्हणालो, "वापर आत्ता. नंतर टाक परत."

एवढं उत्तर द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. दोनेक महिन्यांनी त्याच्या घरी गेलो तर पोरगा भिंतीला टेकून बसलेला. पायातलं कॅलिपर लहान झालं होतं, पट्टा पोटरीला घासून जखम झाली होती, म्हणून काढून ठेवलेलं. नवीन कधी करणार, विचारलं. भाभी म्हणाल्या, "ते पैसे तर गेले ना, भाईजान." त्यांनी मला दोष दिला नाही. त्यामुळे जास्तच लागलं.

बाप असा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एक हदीस असते: तू आणि तुझा माल तुझ्या बापाचा. इब्ने माजाच्या संग्रहात ती आहे आणि आपल्याकडे जुम्याच्या बयानात ती ऐकलेली असते. पण फकीहांनी तिचा अर्थ मालकी असा लावलेला नाही. त्यांचा मुद्दा साधा आहे. मुलगा वारला आणि त्याच्यामागे त्याची मुलं असतील तर बापाला वारशात सहावा हिस्सा मिळतो. माल आधीपासूनच बापाचा असता तर हिस्सा कशाचा काढायचा? बहुतेक इमामांनी बापाला गरजेपुरतं घ्यायची मुभा दिली. हंबली मजहबात सवलत जास्त आहे, पण तिथेही अट आहे की मुलाचं नुकसान होता कामा नये. पोटरीवरची जखम हे नुकसान नाही तर काय?

कर्जाबद्दलची सूरह बकराची आयत (२:२८२) कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं ती सांगते. तिच्यातच अशा माणसाचा उल्लेख आहे जो अशक्त आहे किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नाही. त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावं, असा हुकूम आहे. बोलता न येणाऱ्या माणसाचंही देणं-घेणं असतं, त्याचा स्वतंत्र हिशोब असतो, हे तिथे गृहीतच धरलंय. वलीचं काम त्याचा आवाज होणं. त्याच्या खिशात हात घालणं नव्हे. सूरह निसामध्ये यतीमाच्या मालाबद्दलही हीच शिस्त आहे: सांभाळणारा सधन असेल तर त्याने लांब राहावं, गरीब असेल तर रास्त तेवढंच घ्यावं. आपण ती आयत वाचतो आणि यतीमखान्याच्या पावतीपुस्तकापर्यंतच नेतो. बाप जिवंत आहे म्हणून ही शिस्त घरात लागू नाही, असं मला वाटत नाही.

कायदाही वेगळं सांगत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात पालकाचं नातं विश्वस्ताचं मानलंय. पदाचा फायदा त्याने स्वतःसाठी घ्यायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ तर थेट याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखं वाटतं. आर्थिक व्यवहारात मदत करणाऱ्याचं हित आणि दिव्यांग व्यक्तीचं हित यांची टक्कर होत असेल, तर त्या व्यवहारापुरतं मदत करणाऱ्याने बाजूला व्हावं. २०२४ साली 'लाडकी बहीण'चे पैसे थकलेल्या कर्जात वळवू नका, असं सरकारने बँकांना बजावलं होतं. बहिणीचे पैसे वळवायचे नाहीत हे आपल्याला लगेच पटलं. घरातल्या मुक्या पोराचे मात्र आपणच वळवतो.

(आणखी एक. १९१८ च्या इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की मुस्लिम कायद्यात आई मुलाच्या मालमत्तेची पालक नसते. पण तहसीलच्या रांगेत, दाखल्याच्या कॅम्पमध्ये, बँकेच्या काउंटरवर मी आजवर आयाच उभ्या पाहिल्यात. कागदावर हक्क बापाचा, खेटे आईचे. आणि गटाचा हप्ताही तिच्याच नावावर.)

मग त्या पैशातला एकही रुपया घरात वापरायचा नाही? असं मी म्हणणार नाही. पोरगा त्याच हंडीतलं जेवतो, त्याच छपराखाली झोपतो. त्याच्या वाट्याचं रेशन, दूध, दवाखान्याला जायचं रिक्षाभाडं यात काही गैर नाही. त्याच्या ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज असेल तर त्यातून फेडावं, हेही मला मान्य आहे. पण बहिणीच्या लग्नातल्या बिर्याणीचं कर्ज त्याचं नाही. आणि नुसतं 'नंतर परत टाकू' हे उत्तर नाही, कारण तो मागायला येणार नाही. ज्याला तगादा लावता येत नाही त्याचं देणं सर्वांत शेवटी फिटतं, हे आपण सगळे जाणतो.

कोणी म्हणेल, मग त्या माणसाने काय करायचं, दारातल्या बायकांना काय सांगायचं? हा प्रश्न त्याला विचारण्याआधी जमातीला विचारायला हवा. जकातचे आठ हकदार सूरह तौबामध्ये मोजून दिलेत, त्यात कर्जात बुडालेला माणूस आहे. आमच्या मशिदीच्या कमिटीत मी सहा वर्षं आहे. रमजानमध्ये आम्ही रेशनचे किट वाटतो, मदरशाला देतो, फोटो काढतो. कर्जदाराचा अर्ज आला की कोणीतरी म्हणतं, "लग्नात उधळले, आता भोगू दे." शिवाय कर्ज व्याजाचं होतं, म्हणजे हात झटकायला आणखी एक कारण. व्याजाबद्दल बोलायचं तर जरूर बोलू, पण हाच माणूस कर्जासाठी आमच्याकडे आला असता तर आम्ही कर्जे-हसना दिलं असतं का? नसतं दिलं. आमच्याकडे तशी पेटीच नव्हती.

यंदा मी कमिटीपुढे दोन गोष्टी मांडल्या. जकातमधला ठरलेला भाग कर्जदारांसाठी ठेवायचा, आणि घरात दिव्यांग मूल असेल तर तो अर्ज आधी घ्यायचा. पहिली मंजूर झाली, दुसरीवर अजून वाद चालू आहे.

मित्राला मी एक वही आणून दिली. पहिल्या पानावर मुलाचं नाव, खाली ९,००० येणे, दोन साक्षीदारांच्या सह्या. एक सही माझी. सल्ला माझा होता म्हणून त्यातले ३,००० मी भरले. आता दिव्यांगांचं अनुदान २,५०० झालंय, ते खात्यात तसंच राहतं. कॅलिपर झालं. वहीत अजून ४,२०० बाकी आहेत. मित्र दर जुम्याला शंभर-दोनशे टाकतो आणि पोराला आकडा वाचून दाखवतो.