हंडा देवाचा, आरोप बाईवर

डेन्मार्कमधल्या गुंडेस्ट्रुप गावाजवळच्या दलदलीत १८९१ साली पीट खणणाऱ्या मजुरांना चांदीचे नक्षीदार पत्रे सापडले. कोणीतरी सुट्टे करून नीट रचून ठेवलेले. जोडल्यावर त्यांचा सुमारे ६९ सेंटिमीटर व्यासाचा, जवळपास नऊ किलो वजनाचा हंडा झाला. तो दोन हजार वर्षांहून जुना असावा. आतल्या एका पत्र्यावर ढाली-भाले घेतलेलं पायदळ निघालं आहे, मागे तिघे लांबच लांब कर्णे फुंकताहेत. रांगेच्या तोंडाशी एक अवाढव्य आकृती उभी आहे आणि तिने एका माणसाला उलटं धरून पिंपासारख्या भांड्यात बुडवलं आहे. वरच्या ओळीत मात्र घोडेस्वार आहेत आणि ते उलट दिशेने परत चालले आहेत. हा बळी की पुनर्जन्म, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण वेल्सची ब्रानवेनची कथा ठाऊक असलेल्याला दुसरा अर्थच आधी सुचतो. त्या कथेत मेलेले योद्धे हंड्यात टाकले की दुसऱ्या दिवशी लढायला उभे राहतात, फक्त त्यांची वाचा गेलेली असते.

आयर्लंडच्या दाग्दा या देवाच्या हंड्यापासून कोणी उपाशी परतत नसे. द्रौपदीच्या थाळीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग हेच भांडं चेटकिणीचं कसं झालं?

उलरिख मोलिटर या कायदेपंडिताने १४८९ च्या सुमारास चेटकिणींवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका चित्रात दोन बायका चुलीवरच्या हंड्यात कोंबडा आणि साप टाकताहेत आणि वरून गारा कोसळताहेत. गंमत नाही, भीषण गोष्ट ही की खुद्द मोलिटरचं म्हणणं वेगळं होतं. अशा बायकांच्या अंगी वादळ आणण्याची ताकद नसते, तो सैतानाचा भास, असं तो लिहितो. तरीही देवाला सोडल्याबद्दल त्यांना मरणाची शिक्षा योग्यच, असंही बजावतो. त्याचा युक्तिवाद वाचणारे मूठभर. चित्र मात्र निरक्षरालाही कळत होतं. गारपिटीने पीक झोपलं की गावाला कोणीतरी दोषी हवं असे, आणि हंडा तर घरोघरी होता. त्यातच लापशी शिजायची, त्यातच कपडे उकळायचे, आणि मृत्युपत्रात पितळी भांडी नावानिशी वाटून दिली जायची. ज्या वस्तूवाचून एकाही बाईचा दिवस जात नव्हता, तीच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली. युरोपातल्या या खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. शेक्सपिअरने 'मॅकबेथ'मध्ये रटरटता हंडा रंगमंचावर आणला, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता. स्कॉटलंडचा राजा असताना चेटकिणींच्या चौकशीत त्याने स्वतः भाग घेतला होता, त्यावर पुस्तकही लिहिलं होतं.

देवाच्या हातात वरदान आणि गरीब म्हातारीच्या हातात गुन्हा, हा भेद भांड्याने केलेला नाही. त्यामुळे हॅलोविनला तो काळा हंडा मुलांच्या हाती देणाऱ्यांनी त्याच्यापायी जळलेल्या, फासावर गेलेल्या बायकांची हकिकतही सांगायला हवी. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी तिथल्या बळींची जाहीर माफी मागितली. तिथला शेवटचा बळी जाऊन तेव्हा जवळपास तीनशे वर्षं उलटली होती.

महाराष्ट्राला एवढी वाट पाहण्याची मुभा नाही. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत आजही आजारपण आलं, गुरं दगावली की एखाद्या बाईला डाकीण ठरवलं जातं. अमुक बाई करणी करते असं पसरवून तिला छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो नोंदवायला तिला मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पाड्यावर तिचं नाव घेतलं जाऊ लागताच पोलिसांनी तिथे पोहोचलं पाहिजे.