ठेव ज्याची, हिशेब त्याला

भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाचे दर्शन घेऊन अनेक यात्रेकरू चंद्रपूरला जातात. पण तेथून मूल, सावली मागे टाकून वैनगंगा ओलांडणारे थोडेच. नदीपलीकडचा गडचिरोली हा वनप्रदेश २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे तेथे जे आरोग्य-संशोधन केले, त्याची कीर्ती जगभर पसरली. त्या कार्यामागे असलेल्या एका नैतिक प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. लोकांच्या शरीरातून आणि घरांतून गोळा झालेले ज्ञान अखेर कोणाचे?

बँकेतील ठेवीदार निरक्षर असला, तरी त्याच्या पासबुकातील शिल्लक त्याला वाचून दाखवावी लागते. ‘तुम्हांला आकडे कळणार नाहीत’ असे म्हणून हिशेब टाळता येत नाही. रक्ताचा थेंब, लपविलेल्या दुखण्याची कहाणी, घरातल्या अर्भकाच्या मृत्यूची नोंद याही ठेवीच होत. त्या विश्वासाने सोपविल्या जातात, म्हणून त्यांचा हिशेबही द्यावाच लागतो.

हा धडा बंग दांपत्यालाही अनुभवाने मिळाला. आरंभीच्या काळात त्यांनी आदिवासींमधील सिकलसेल या रक्तविकाराचा अभ्यास केला. अभ्यास शास्त्रशुद्ध होता. परंतु आदिवासींना तो आपला निकडीचा प्रश्न वाटत नव्हता. ते संशोधन लोकांवर झाले, लोकांसाठी नव्हे, अशी प्रांजळ कबुली पुढे डॉ. बंग यांनीच दिली.

त्यानंतरचा अभ्यास अधिक नाजूक होता. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. लंडनला पोहोचलेले हे सत्य त्या गावांना सांगायचे की नाही? सांगावे, तर गावावर बोट दाखविले जाण्याची भीती. सासुरवाशिणीला घरात टोमणे ऐकावे लागण्याची भीती. न सांगावे, तर प्रत्येक स्त्री आपले दुखणे एकटीचे आणि लाजिरवाणे समजून सोसत राहणार.

बंग दांपत्याने निष्कर्ष जत्रेच्या रूपाने स्त्रियांपुढे नेले. जत्रा ही खेड्यातील स्त्रीला परिचित गोष्ट. तेथे कोणा एकीचे नाव उघड होत नाही. पण ‘हे दुखणे माझ्या एकटीचे नाही’ एवढे प्रत्येकीला कळते. व्यक्तीचे गुपित राखणे आणि समूहाला सत्य सांगणे ही कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत, हे यावरून दिसते. त्या दोन गावांची नावे या लेखात नाहीत, तीही याच कारणाने.

आकडा लोकांच्या हाती पडला म्हणजे काय घडते, याचे दुसरे उदाहरण दारूचे आहे. १९८८ च्या सुमारास केलेल्या पाहणीत गडचिरोली जिल्ह्यातील लोक वर्षाला सुमारे २० कोटी रुपये दारूवर खर्च करतात असे आढळले. जिल्ह्याच्या विकासासाठी सरकारी तरतूद होती सुमारे १४ कोटींची. हा हिशेब कपाटात राहिला असता तर त्याचा अहवाल झाला असता. तो गावोगावी गेला, म्हणून त्याचे आंदोलन झाले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयी जगाने मान्य केलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत, अभ्यासात सहभागी झालेल्यांना त्याचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळावी, असे म्हटले आहे. जैन आचाराला ही दृष्टी नवी नाही. श्रावकाच्या अस्तेय व्रताच्या पाच अतिचारांत एक अतिचार मापांचा आहे: घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे. गावाकडून शेकडो घरांची माहिती घ्यायची आणि परत जाताना केवळ आभार मानायचे, हे त्याच अतिचाराचे आधुनिक रूप नव्हे काय?

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. आपल्या समाजातील मंडळे आणि न्यास खेड्यांत आरोग्य शिबिरे घेतात. किती जणांचे रक्त तपासले, किती चष्मे वाटले, याची छायाचित्रांसह वृत्ते छापून येतात. परंतु ज्याच्या रक्तात साखर आढळली, त्याला ते त्याच्या भाषेत कोणी सांगितले का? गावातील किती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, हे नावे वगळून ग्रामसभेपुढे कोणी मांडले का? की ती वही शिबिराच्या फलकाबरोबर शहरातल्या कार्यालयात परतली?

पुढील शिबिराच्या अंदाजपत्रकात आणखी एका दिवसाची तरतूद असावी. त्या दिवशी औषधे नेऊ नयेत, पाहुणे बोलावू नयेत. वही घेऊन त्याच गावात पुन्हा जावे आणि ज्याचा हिशेब त्याला वाचून दाखवावा. दान तेथे पूर्ण होते.