डब्यासोबत माहितीही द्या




१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आणि नाताळची तयारी एकाच सुमारास येते. त्या दिवसांत आमच्या बीदर-कलबुर्गी भागातल्या मंडळ्या, महिला मंडळं आणि लहान सेवाभावी संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्यांना पोषणाचं सामान देतात. प्रोटीन पावडरचा डबा, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या, कधी तांदूळ-डाळ. हेतू चांगलाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण औषधाची बरोबर माहिती माणसाला कळेल अशा भाषेत डब्यासोबत गेली नाही, तर ती मदत अर्धीच राहते. कधी कधी तर नुकसानही करते.

नुकसान कसं, ते सांगते. सरकारी एआरटी केंद्रातून आज बहुतेक प्रौढांना रोजची एकच गोळी मिळते. तीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. यातलं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं, तर पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून एआरटीची गोळी त्या गोळ्यांच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची, नाहीतर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या. ॲसिडिटीवरच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या औषधाला जेवणाचीही सवलत नाही, तिथं अंतर ठेवायलाच हवं. गरोदर बाईला तर लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, तिला हे नक्की माहीत पाहिजे. बऱ्याच पावडरींतही कॅल्शियम आणि लोह असतं, लेबलवर छापलेलं असतं. पण वाटणाऱ्यानं ते वाचलेलं नसतं, आणि घेणारीला इंग्रजी येत नाही.

आता पोषणाचं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की एचआयव्ही असूनही लक्षणं नसलेल्या प्रौढाला नेहमीपेक्षा साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, आजारपणात किंवा त्यातून उठताना २० ते ३० टक्के. पहिल्या प्रकारच्या माणसाला ही वाढ मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत भागते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुरीच्या या मुलखात आपण महागडे डबे वाटतो आणि घरात वरण पातळ होत जातं, हे बरं नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे आणि ज्वारीची भाकरी नियमित मिळाली, तर त्याच पैशात जास्त दिवस भागतात. क्षयरोगही असेल तर उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून पोषणासाठी पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १००० रुपये झाली आहे. हे किती जणांना आपण सांगतो?

दुसरी गोष्ट भाषेची. १९५६ पर्यंत बीदर, कलबुर्गी आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. सीमा पडली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. औराद-भालकीची लेक उदगीर-देगलूरला, आळंदची उमरग्याला दिलेली असते. घरात मराठी, दवाखान्यात कन्नड, अशी आमची कसरत. समुपदेशक कन्नडमधून समजावतात, आक्का मान हलवते आणि घरी येऊन शेजारणीला विचारायचीही चोरी! ओळखीचं कुणी दिसेल या भीतीनं काहीजण सीमेपलीकडं जातात. एआरटी देशभर मोफत आहे, आणि रीतसर कागद घेऊन केंद्र बदलता येतं. पण हे माहीत नसल्यानं गोळ्या मध्येच बंद पडतात. खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. उलट, नियमित गोळी घेऊन तपासणीत सापडणार नाही इतका विषाणू कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही खरी आनंदाची बातमी, पण ती आमच्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलायला हवी. कुठं कुठं प्रार्थनेनंतर "आता बरा झालास, गोळ्या सोड" असं सांगितलं जातं. प्रार्थनेवर माझाही विश्वास आहे. पण मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. त्याला शुद्ध केल्यावर प्रभूनं दोन गोष्टी बजावल्या: कुणाजवळ बोलू नकोस, आणि जाऊन याजकाला दाखव. म्हणजे बरं झाल्याची खात्री त्या काळी ज्याच्याकडे होती, त्याच्याकडूनच करून घ्यायची. आज ते काम रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी करते. ती उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्याला आणि पुढं दरवर्षी होते. गोळ्या सोडायला सांगण्याचा अधिकार पाळकाला नाही, मलाही नाही.

"कुणाजवळ बोलू नकोस" हेही आपण विसरतो. प्रार्थनासभेत नाव घेऊन विनंती मांडली जाते, डबा देतानाचा फोटो गटावर फिरतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणालाही आपला संसर्ग उघड करायला भाग पाडता येत नाही, आणि विश्वासानं कळलेली गोष्ट संमतीशिवाय पसरवता येत नाही. मदतीचा हिशेब ठेवा, नावांची जाहिरात नको.

सीमेपलीकडं पाहा. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी 'पालवी' उभी केली, लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय'. तिथं मुलांना जेवण, गोळी, शाळा आणि माया एकत्र मिळते. हासेगावला सुरुवातीला विरोध झाला, तरी काम थांबलं नाही. एवढं मोठं काम आपल्याला जमेल न जमेल. पण एक पान जमेल.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक मंडळीनं जवळच्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडून तपासून घेतलेलं एक पान मराठीत आणि कन्नडमध्ये काढावं. गोळी कधी, कशापासून किती अंतर, तपासणी कधी, केंद्र कसं बदलायचं, आणि १०९७ हा मोफत मदतीचा क्रमांक. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना एखाद्या विश्वासू बहिणीनं घरी बसून, दार लावून समजवावं. आणि डब्याच्या पैशातले थोडे प्रवासाला ठेवावेत. 'शक्ती' योजनेमुळं कर्नाटकात बाईला साध्या सरकारी बसचं भाडं लागत नाही, पण पुरुषाला लागतं, आणि बीदरला गेल्या दिवसाची मजुरी दोघांचीही बुडते. ती भरून दिली, तर पुढच्या महिन्याची गोळी घरात येईल. डब्यापेक्षा ती आधी.

आपली,
मंडळीतील एक बहीण, भालकी तालुका, जि. बीदर